मुलांना रानात नेताना

पावसाळा ओसरू लागला की राज्याच्या कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून एक ठरावीक बातमी येते. शाळेजवळच्या चंद्रज्योतीच्या बिया मुलांनी खाल्ल्या, उलट्या-जुलाब सुरू झाले, दहा-पंधरा जणांना ग्रामीण रुग्णालयात हलवले, सर्वांची प्रकृती स्थिर. चंद्रज्योत म्हणजेच मोगली एरंड. गुरे तोंड लावत नाहीत म्हणून हे झाड कुंपणाला लावतात. बी फोडले की आत पांढरा गर निघतो आणि तो चवीला शेंगदाण्यासारखा लागतो. एकाने खाऊन पाहिले, त्याला आवडले, त्याने सवंगड्यांना वाटले. इतके साधे असते ते. बहुतेक मुले सलाईन आणि देखरेखीवर एक-दोन दिवसांत बरी होतात.

अशा वेळी डॉक्टरांची खरी अडचण बियांची नसते, वेळेची असते. मधल्या सुटीत खाल्लेल्या बियांची गोष्ट घरी कळते ती संध्याकाळी, चौथ्या-पाचव्या उलटीनंतर. तोवर मूल ‘काही नाही खाल्लं’ म्हणत राहते आणि मोठी माणसे शाळेच्या खिचडीवर संशय घेत बसतात. मूल खोटे बोलते, कारण खरे सांगितले तर आधी धपाटा बसेल आणि मग दवाखाना, हे त्याला ठाऊक असते.

या बातमीनंतर दोन गोष्टी होतात. झाड तोडले जाते, आणि मुलांनी आवाराबाहेर जायचे नाही असा फतवा निघतो. शाळेच्या आवारातली चंद्रज्योत काढलीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण फतव्याने काय साधते? माळ, ओढा, बांध, पडीक जागा तिथेच राहतात, मुलेही तिथे जायची ती जातातच. फक्त चोरून जातात. त्यापेक्षा एखाद्या जाणत्या माणसाने त्यांना तिथे उघडपणे न्यावे, हे आरोग्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचे. निसर्गफेरी हा हौशी पक्षीनिरीक्षकांचा छंद मानला जातो. तिच्याकडे लसीकरणासारखे पाहायला हरकत नाही.

आपल्याकडे याची एक जुनी गोष्ट आहे. मुंबईच्या खेतवाडीत राहणाऱ्या एका मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे मानद सचिव तेव्हा मिलार्डसाहेब होते. त्यांनी ती रानचिमणी असल्याचे सांगितले आणि मुलाला संस्थेच्या कपाटांतले पक्ष्यांचे नमुने एकेक खण उघडून दाखवले. तो मुलगा म्हणजे डॉ. सालिम अली. बंदूक घेऊन आलेल्या पोराला साहेबांनी हाकलून दिले असते, तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. मुलांना रानात नेणाऱ्याने हा प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

फेरीचे फायदे सांगताना हल्ली बरीच अतिशयोक्ती होते. झाडाला मिठी मारल्याने प्रतिकारशक्ती वाढते, इथपर्यंत मजल जाते. ज्याला बऱ्यापैकी भक्कम पुरावा आहे, ती गोष्ट डोळ्यांची. लांबचे न दिसणे, म्हणजे मायनस नंबर, हा मुलांमध्ये डोळ्याचे बुबुळ-पडद्यातले अंतर वाजवीपेक्षा वाढल्याने येतो. उघड्यावरचा उजेड ही वाढ रोखायला मदत करतो. वर्गातला उजेड साधारणपणे ३०० ते ५०० लक्स असतो. बाहेर मोकळ्या आकाशाखाली तो १०,००० लक्सच्या पुढे जातो आणि झाडाच्या सावलीतही काही हजार भरतो. प्रखर उजेडात डोळ्याच्या पडद्यातून डोपामिन जास्त स्रवते आणि त्याने नेत्रगोलाच्या लांबीला लगाम बसतो, असे मानले जाते. चीनमधल्या ग्वांगझौ शहरातील १२ प्राथमिक शाळांत याची पद्धतशीर चाचणी झाली. निम्म्या शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा उघड्यावर नेले गेले. तीन वर्षांनी त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता. इतर शाळांत हेच प्रमाण ३९.५ टक्के होते. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे नंबर टळतो तो काहींचाच, पण तोही फुकटात.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगायला हव्यात. एकदा लागलेला चष्मा बाहेर खेळून उतरत नाही. आणि महिन्यातून एका रविवारच्या फेरीने डोळे वाचत नाहीत. उजेड रोज लागतो. फेरीचा उपयोग इतकाच की बाहेर बघण्यासारखे काहीतरी असते, हे मुलाला कळते आणि मग ते सोमवारीही बाहेर पडते.

जागा फार दूरची नको. पुण्याची वेताळ टेकडी, ठाण्याचे येऊर, नागपूरचा गोरेवाडा ही नावाजलेली ठिकाणे झाली. गावामागचा माळ किंवा तळ्याचा काठही पुरतो. वेळ सकाळी सात ते नऊ. उपाशीपोटी आणू नये. चक्कर येऊन पडणारी मुले बहुधा दूध नको म्हणून तशीच निघालेली असतात. पोहे, पोळीचा रोल, काहीही चालेल. प्रत्येकाकडे स्वतःची पाण्याची बाटली हवी. पूर्ण लांबीची विजार, पायमोजे आणि घोटा झाकणारे बूट एवढ्यावर निम्मे काम भागते. पंधरा मुलांमागे तीन मोठी माणसे असावीत, एक पुढे, एक मध्ये आणि एक सर्वांत मागे. मागच्याने मुले मोजत राहायचे. हे काम कंटाळवाणे असल्याने ते कोणालाच नको असते, म्हणून आधीच ठरवून टाकावे.

आदल्या दिवशी पालकांना तीन प्रश्न विचारावेत. मुलाला दमा आहे का, फिट येते का, कशाची ॲलर्जी आहे का. चौथा प्रश्न इन्शुलिनचा. हो म्हटले म्हणून मुलाला घरी ठेवायचे नाही. दम्याच्या मुलाचा पंप आणि स्पेसर कोणाच्या पिशवीत आहे, एवढे माहीत असले की ते मूल इतरांइतकेच हिंडू शकते. इन्शुलिन घेणाऱ्या मुलासाठी साखर किंवा ग्लुकोज खिशात असावे. नेमकी ही मुलेच काळजीपोटी वर्षानुवर्षे घरात राहतात.

नेणाऱ्याकडून होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे भराभर चालणे आणि भराभर नावे सांगणे. हा कोतवाल, तो वेडा राघू, ते बघा भारद्वाज, चला पुढे. पंधरा मिनिटांत मुले पाठीमागे ढकलाढकली करू लागतात. दोन तासांत एक किलोमीटर झाले तरी पुष्कळ. मृगाचा किडा सापडला तर त्याला हात न लावता पाय मोजायला सांगावे. सगळे सहा म्हणतात, कारण पुस्तकात कीटकाला सहा पाय असतात. मग कोणीतरी आठ मोजते आणि भांडण लागते. आठ बरोबर आहेत; मृगाचा किडा कीटक नाहीच, तो कोळ्याच्या गोतावळ्यातला. हे बाईंनी आधी सांगून टाकले असते तर कोणी मोजलेच नसते. दोन मिनिटे डोळे मिटून ऐकू येणारे आवाज बोटांवर मोजणे हाही चांगला खेळ आहे. तांबटाची टुकटुक, लांबचा पंप, कोणाचे तरी नाक. आणि विचारलेले माहीत नसेल तर ‘मलाही नाही माहीत, बघू या’ म्हणावे. खोटे नाव ठोकून देणारे गुरुजी मुले लगेच ओळखतात.

नियम फार असू नयेत. एक पुरे, पण तो दोन भागांचा आहे. विचारल्याशिवाय काही तोंडात घालायचे नाही; आणि घातलेच तर लगेच सांगायचे, कोणी रागावणार नाही. पहिला भाग सगळेच सांगतात. जीव वाचतो तो दुसऱ्या भागाने. त्याची परीक्षाही फेरीतच होते. कोणीतरी बारीक आवाजात ‘बाई, मी एक खाल्लं’ म्हणते आणि पंधरा मुले बाईंच्या तोंडाकडे बघतात. त्या क्षणी बाई ओरडल्या, तर सगळ्या वर्गाने एकच धडा घेतला, की सांगायचे नसते. ‘बरं झालं सांगितलंस, कुठलं ते दाखव’ एवढे म्हणायला फार मोठे मन लागत नाही, पण घाबरलेल्या माणसाला ते जमत नाही हेही खरे. म्हणून ते आधी ठरवून, घोकून ठेवावे.

काय खाल्ले, किती आणि किती वाजता, हे लिहून घ्यावे. तोंडात उरलेले थुंकायला लावून चूळ भरायला सांगावी. झाडाची फांदी फळासकट पिशवीत घालून मुलाबरोबर दवाखान्यात न्यावी. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नये. मिठाच्या पाण्याने लहान मुलाच्या रक्तातले सोडियम धोकादायक वाढू शकते, आणि उलटी श्वासनलिकेत गेली तर भलतेच निस्तरावे लागते.

गावच्या मुलांना ‘रानातले काहीच खायचे नाही’ असे सांगणे मात्र हास्यास्पद आहे. करवंदे, बोरे, जांभळे, आवळे त्यांनी खायचे नाहीत तर कोणी? पूर्वी काय खायचे आणि काय नाही हे थोरल्या भावंडांकडून कळे. गुरांमागे जाणारी पोरे एकमेकांना शिकवत. ती साखळी आता बऱ्याच ठिकाणी तुटली आहे, तिच्या जागी निदान पाच-सहा विषारी झाडांची ओळख करून द्यावी. चंद्रज्योत झालीच. धोतऱ्याचे काटेरी फळ मुलांना खेळायला आवडते. त्याच्या बिया पोटात गेल्या की तोंडाला कोरड पडते, चेहरा लाल होतो, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात आणि मूल असंबद्ध बडबडू लागते. घरचे याला ‘बाहेरचं झालं’ म्हणतात आणि उतारा काढण्यात मोलाचे तास जातात. पिवळी कण्हेर बागेत आणि रस्त्याच्या दुभाजकावर सर्रास लावलेली असते. तिची फळे म्हणजे बिट्ट्या. बिट्टीतल्या विषाने हृदयाचे ठोके बिघडतात. उलटी थांबली म्हणजे धोका टळला असे तिथे नसते, काळजाचा आलेख काढून मुलाला देखरेखीखाली ठेवावेच लागते. कळलावीचे फूल दिसायला देखणे, कंद अत्यंत विषारी. गुंजेची बी अख्खी गिळली तर टणक सालीमुळे बहुधा तशीच बाहेर पडते, चावली किंवा माळेसाठी भोक पाडलेली असली तर जिवावर बेतू शकते. मूल चावले की गिळले हे खात्रीने सांगता येत नसल्याने दोन्ही वेळा दवाखाना गाठायचा.

खाजकुइलीची तऱ्हा वेगळी. तिच्या शेंगेवरची सोनेरी लव अंगाला लागली की मूल वेड्यासारखे खाजवते आणि खाजवल्याने ती आणखी पसरते. चिकटपट्टी लावून उचलावी, मग पाण्याने धुवावे, कपडे बदलावेत. लव डोळ्यात गेली असेल तर चोळू न देता भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावे.

फेरीत ज्याची खरोखर धास्ती बाळगावी ते म्हणजे आग्यामोहोळ. गडकिल्ल्यांवर आणि लेण्यांत माणसे जखमी होतात ती बहुधा कोणी दगड मारल्याने किंवा धूर केल्याने. वाट ठरवताना आदल्या दिवशी एकदा जाऊन मोठ्या झाडांच्या फांद्या आणि कातळाच्या कपारी वर मान करून पाहून याव्यात. पोळे दिसले तर वाट बदलावी. माश्या उठल्याच तर खाली बसायचे नाही, हातवारे करायचे नाहीत. तोंड झाकून गाडी किंवा घर गाठेपर्यंत पळायचे. मधमाशीचा काटा कातडीत राहतो आणि त्याची पिशवी विष सोडत राहते, तेव्हा नखाने, कार्डाने, जसा निघेल तसा तो पटकन काढावा. एक-दोन दंशांना बर्फ पुरतो. पण ओठ-पापण्या सुजणे, अंगभर गांधी उठणे, आवाज बसणे, धाप लागणे, चक्कर येणे यातले काहीही दिसले तर ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन मिनिटांत मिळायला हवे. जवळचा दवाखाना कोणता आणि तो रविवारी उघडा असतो का, हे निघण्याआधी माहीत असावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, पण टेकडीवर मोबाइलला रेंज कुठे मिळते तेही पाहून ठेवावे.

आता साप. पालकांचा पहिला प्रश्न तोच असतो. दिवसाउजेडी, बूट घातलेल्या, बोलत चालणाऱ्या पंधरा मुलांच्या वाटेत साप थांबत नाही; जमिनीची धमक जाणवताच तो निघून जातो. दगड हाताने उलटायचा नाही, बिळात काठी घालायची नाही, एवढे पाळले की पुष्कळ झाले. कोकणात फुरसे दगडाखालीच बसलेले असते, तिथे हे विशेष पाळावे.

पण सापाचा विषय फेरीत टाळू नये, त्याला वेगळे कारण आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा अंदाज एका मोठ्या अभ्यासाने मांडला आहे. त्यात पाव भागाहून अधिक मृत्यू पंधरा वर्षांखालील मुलांचे होते आणि जवळपास निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. ही मुले निसर्गफेरीत मेली नाहीत. ती अंगणात, शेताच्या बांधावर, सरपण काढताना आणि जमिनीवर झोपलेली असताना मेली. मण्यार रात्री अंथरुणात शिरून चावते; दंशाच्या जागी ना सूज, ना फारशी वेदना. पहाटे मूल पोट दुखते म्हणते, मग पापण्या जड होतात, मग श्वास. फेरीत सापाबद्दल जे सांगितले जाईल ते टेकडीसाठी नाही, घरासाठी असते. रात्री उठताना बॅटरी, झोपायला खाट किंवा निदान नीट खोचलेली मच्छरदाणी, आणि काही चावल्यासारखे वाटले तर मध्यरात्री असले तरी आई-वडिलांना उठवायचे.

मुलांना कृतीतून शिकवलेले राहते. एकाने साप चावल्याचे सोंग करावे. बाकीच्यांनी त्याला खाली बसवावे, धीर द्यावा, हातातले कडे, घड्याळ काढावे, काठी आणि ओढणीने पाय मोडल्यासारखा बांधून हलू न देता उचलून न्यावे. दोरीने आवळायचे नाही, चिरायचे नाही, चोखायचे नाही. साप मारून बरोबर आणायचा नाही; नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर प्रतिविष एकच आहे. ते सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. घोणस किंवा फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही, ते तपासायला काचेची एक कोरडी नळी आणि वीस मिनिटे पुरतात. नळीतले रक्त तोवर गोठले नाही तर विष भिनले आहे. पालकांनी आणखी एक लक्षात ठेवावे. लहान मूल म्हणून प्रतिविष कमी देत नाहीत. साप पोर बघून कमी विष सोडत नाही, आणि तेच विष छोट्या अंगात लवकर भिनते.

विंचवाचेही असेच. लाल विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर हृदयावर ताण येतो आहे असे समजावे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग दाखवून दिल्यापासून कोकणातली कितीतरी मुले यातून वाचली. रायगडच्या खेड्यांत बसून केलेले हे काम जगभरच्या वैद्यकाने स्वीकारले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी साधी आहे, पण ती वेळेत मिळायला विंचू चावल्याचे मुलाने सांगितलेले असावे लागते. बूट घालण्याआधी झटकण्याची सवय फेरीच्या सकाळीच लावावी.

घरी परतल्यावर अंघोळ आणि कपडे धुणे त्याच दिवशी करावे. गवतावर चादरीविना बसलेल्या मुलाच्या काखा, जांघा, कमरपट्ट्याची जागा आणि कानामागे नीट पाहावे. गवतातल्या बारीक गोचिडीसारख्या किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो; २०१८ साली नागपूर आणि विदर्भात त्याची साथ आली होती. सिगारेटचा चटका बसल्यासारखी, न दुखणारी काळी खपली ही त्याची खूण, पण ती दरवेळी सापडतेच असे नाही. ताप सहसा दहा-बारा दिवसांनी येतो. तोवर रविवार विसरला गेलेला असतो आणि डॉक्टर मलेरिया, डेंगी तपासत बसतात. स्वस्त प्रतिजैविकाने हा आजार झटकन आटोक्यात येतो, उशीर झाला तर फुप्फुसे आणि मूत्रपिंडावर जातो. तेव्हा फेरीनंतर तीन आठवड्यांच्या आत ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे की मूल अमुक तारखेला रानात गेले होते.